तळघराची रेघ आधी आखा, महापालिकेचे चित्र नंतर काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महापालिकेच्या नव्या मुख्यालयाचा विषय निघाला की पहिल्यांदा एक रंगीत चित्र पुढे येते. निळसर काच, दारात कारंजे, दोन्ही अंगांना बॉटल पामची रांग आणि कोपऱ्यात ‘ग्रीन बिल्डिंग’चा शिक्का. त्या चित्रात कधी दुचाकी दिसत नाही, घरपट्टीची रांग दिसत नाही आणि हंडा मोर्चा तर नाहीच. १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहर १४ लाख ८६ हजारांचे होते आणि आज सहा विभागांचा कारभार आहे. शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनाचा विस्तार असो की दुसरीकडची नवी इमारत, आज ना उद्या हा प्रश्न येणारच. तो येईल तेव्हा नगरसेवकांनी, पत्रकारांनी आणि नागरिकांनी ते रंगीत चित्र बाजूला सारून एकच कागद मागावा, तळघराचा नकाशा. इमारत आणि तिचे आवार हिरवे, मोकळे होणार की नाही, हे पार्किंगचे तळघर प्लॉटच्या कोणत्या रेषेपर्यंत जाते यावर ठरते. बाकी बहुतेक चुका पुढे दुरुस्त करता येतात, ही येत नाही.

हिशेब मांडून पाहू. दोन एकरांचा, म्हणजे साधारण ८,००० चौरस मीटरचा प्लॉट धरू. एका मोटारीला उभे राहायला साडेबारा चौरस मीटर लागतात. आतबाहेर करण्याचा रस्ता आणि वळण धरले की २५ ते ३० होतात. शंभर मोटारींना २,५०० ते ३,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण एकर. हे जमिनीवर दाखवले तर बाग संपते, म्हणून आराखडा करणारा तळघर काढतो आणि एकदा खोदायचेच तर सीमेपासून सीमेपर्यंत खोदतो. मग वर जे उरते ती जमीन नसते, ते तळघराचे छप्पर असते. त्यावर मोठे झाड हवे असेल तर सव्वा ते दीड मीटर माती लागते. ओली माती घनमीटरला १,८०० ते २,००० किलो भरते, म्हणजे दर चौरस मीटरला अडीच-तीन टन वजन. कार्यालयाची साधी फरशी २५० ते ४०० किलोच्या हिशेबाने बांधतात. साहजिकच तुळया जाड होतात, तळघर आणखी खोल जाते, खर्च चढतो आणि अंदाजपत्रकाला कात्री लावायच्या बैठकीत मातीची खोली सव्वा मीटरवरून ४५ सेंटिमीटरवर येते. तेवढ्या मातीत हिरवळ येते, मेंदीचे कुंपण येते. कागदावर ‘वृक्ष’ म्हणून लावलेले रोप मात्र तिथे खुरटते, मेमध्ये सुकते आणि जोराच्या वाऱ्यात मुळासकट कलंडते. माळ्याचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून पहिली अट अशी हवी: प्लॉटच्या किमान ४० टक्के जागेखाली काहीही बांधायचे नाही. तळघर नाही, पाण्याची टाकी नाही, मैलापाणी प्रक्रिया संयंत्रही नाही. आणि ही जागा सलग हवी. इमारतीभोवती दीड मीटरची पट्टी फिरवून टक्केवारी भरून काढण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या झाडाला २० ते ३० घनमीटर माती लागते, म्हणजे एक मीटर खोलीचा पाच बाय पाच मीटरचा तुकडा. कुंपणाची भिंत आणि तळघराचा उतार यांच्यामधल्या दीड मीटरच्या खाचेत ती मिळत नाही. सलग जागा शक्यतो पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला सोडावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन झाडे झेलतील. प्लॉटवर आधीच मोठी झाडे असतील तर मात्र दिशा विसरून ती जिथे आहेत तीच जागा मोकळी ठरवावी.

मोटारींची संख्याही तपासून घ्यावी. एका मोटारीच्या जागेत येण्याजाण्याच्या वाटेसह आठ-नऊ दुचाकी मावतात आणि महापालिकेत कामाला येणारा नाशिककर बहुधा दुचाकीवरच असतो. २०२१ पासून सिटीलिंकच्या बस आहेत. मुख्यालयाच्या दाराशी बसथांबा, दुचाकींना जमिनीवर झाडांखाली जागा आणि मोटारींना इमारतीच्या पायाएवढेच तळघर, असा क्रम लावला तर खोदाईच निम्म्यावर येते.

नाशिकची जमीन कशी आहे, हेही इथेच सांगायला हवे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया आणि फरसबंदीसाठी ती काढावीच लागते. पण कंत्राटदार ती डंपरने बाहेर पाठवतो आणि बागेच्या वेळी ‘गार्डन सॉइल’ म्हणून कुठली तरी राडारोडा मिसळलेली माती विकत आणतो. वरची माती आवारातच दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात राखून ठेवावी. ढीग जास्त उंच केला की आतली माती दबते आणि हवेवाचून मरते. लावणीच्या वेळी दोन भाग ही माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम असे मिश्रण करावे. नुसत्या काळ्या मातीत खड्डा भरला तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि मुळे कुजतात. खड्ड्याचा तळ मुरुमात किंवा खडकात लागला तर पहारीने फोडून घ्यावा, नाहीतर मूळ कुंडीत फिरल्यासारखे गोल फिरत राहते.

जुनी झाडे वाचवायची म्हणजे नुसती तोडायची नाहीत, एवढे पुरत नाही. काँक्रीटचा भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या घरात जातो. तो चार-सहा वेळा झाडाखालून गेला तर मातीतली हवेची पोकळी दाबली जाते आणि झाड दोन-तीन वर्षांनी, इमारतीचे उद्घाटन होऊन गेल्यावर, शेंड्याकडून वाळत येते. तेव्हा सगळे म्हणतात, कीड लागली. झाडाचा पसारा जमिनीवर जिथपर्यंत येतो तिथपर्यंत पत्र्याचे कुंपण पहिल्या दिवशी उभे राहावे. त्या आत साहित्य नको, सिमेंट धुतलेले पाणी नको, मजुरांची चूलही नको. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे हा हिशेब कायद्याला पुरतो. सावलीला पुरायला मात्र पंचवीस वर्षे लागतात.

आता सावली. नाशिक विषुववृत्तापासून वीस अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. तीन मजली, अकरा मीटर उंच भिंतीची सावली त्या वेळी फूटभरही पडत नाही. म्हणून ‘चौक ठेवला की आपोआप गारवा’ हे अर्धेच खरे आहे. सकाळ-संध्याकाळ भिंती चौक झाकतात, पण भर दुपारी त्यात झाडाचेच छत लागते. आपल्या जुन्या वाड्यांत चौकाभोवती ओसरी असते ती त्याचसाठी. माणसे चौकात नाही, ओसरीवर बसतात.

झाड निवडताना प्रश्न एकच विचारावा: मेमध्ये दुपारी एक वाजता याच्या अंगावर पाने असतात का? गुलमोहर, बहावा, पळस दिसायला देखणे, पण सावली हवी असते तेव्हाच ते निष्पर्ण किंवा विरळ असतात. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पालवतात आणि ऐन मेमध्ये गच्च असतात. बकुळ हळू वाढते, पण बारमाही दाट. जांभूळही दाट, फक्त फरसबंदीवर नको. फळे पडून डाग पडतात आणि जूनच्या पहिल्या सरीत माणसे घसरतात. वड, पिंपळ, उंबर हवेतच, पण इमारतीपासून आणि भूमिगत वाहिन्यांपासून पंधरा मीटर लांब, सलग जागेच्या मध्यावर. सप्तपर्णी रांगेने लावू नये, ऑक्टोबरमधला तिचा दर्प अनेकांना सोसत नाही. कोनोकार्पस तर नकोच, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. बहावा आणि ताम्हण शोभेसाठी कडेला लावावेत. ताम्हण राज्याचे फूल आहे, त्याचा मान राहिला पाहिजे.

झाडाभोवती पार बांधायचा तर नीट बांधावा. हमखास होणारी चूक अशी: गवंडी बुंध्याला चिकटून विटांचे गोल रचतो, आत दीड-दोन फूट भराव टाकतो आणि वर शहाबादी किंवा ग्रॅनाइट बसवतो. बुंध्याची जी साल कायम हवेत असायला हवी ती ओल्या मातीत गाडली जाते, सडते, आणि दहा वर्षांनी झाड पारासकट धोकादायक ठरते. पाराची कडा बुंध्यापासून किमान दीड मीटरवर असावी, घडीव दगड चुन्या-सिमेंटशिवाय कोरडे रचावेत, आतल्या मातीची पातळी जमिनीएवढीच राहावी. बसायची उंची ४५ सेंटिमीटर. बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या झाडांसाठी २०१३ मध्येच सांगितले आहे. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक अजून बुंध्याला गळफास लावल्यासारखे बसवले जातात.

इमारतीच्या खिडक्यांसाठीही उन्हाचाच हिशेब लागतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये दुपारी दीड मीटरहून जास्त सावली पडते, खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात हीच सावली साधारण ६३ सेंटिमीटर उरते, निम्मे ऊन आत येते आणि नाशिकच्या थंडीत ते हवेच असते. तोच छज्जा पश्चिमेला कुचकामी. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य पंचवीस अंशांवर असतो आणि छज्जा खिडकीचे जेमतेम ३० सेंटिमीटर झाकतो. पश्चिमेला उभ्या पट्ट्या, जाळी, खोल व्हरांडा किंवा सरळ जिने, स्वच्छतागृहे आणि दप्तराच्या खोल्या घालाव्यात. मेलबर्न महापालिकेच्या २००६ मधल्या ‘काउन्सिल हाउस २’ला पश्चिमेकडे लाकडी पट्ट्यांची फिरती झडपे आहेत, उन्हाप्रमाणे ती मिटतात-उघडतात. आपल्याकडे इतके यांत्रिक काही नको, मोटर बंद पडली की ती झडपे कायमची अर्धवट उघडी राहतील. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या काचांनाही कडेला उभी पट्टी लागते. भिंतीत काच ३० टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचे २०१४ मध्ये उद्घाटन झाले. त्याच्या गच्चीवर ९३० किलोवॉटची सौर यंत्रणा आहे आणि तिचेच कौतुक जास्त होते. पण तिथे निम्मे काम उत्तर-दक्षिण तोंड करून मांडलेल्या दोन भागांनी आणि मधल्या खुल्या चौकाने केले आहे. तेवढे उचलायला पैसे लागत नाहीत.

गच्चीबद्दल आमचे मत थोडे वेगळे पडेल. गच्चीवर बाग करू नये, सौर पॅनेल लावावेत. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चार युनिट मिळतात. हजार चौरस मीटरवर शंभर किलोवॉट, रोज चारशे युनिट. शिकागोच्या सिटी हॉलच्या गच्चीवर २००१ मध्ये केलेली बाग जगभर दाखवली जाते, पण ती शहरातली उष्णता कमी करण्याचा प्रयोग म्हणून होती आणि लोकांना एरवी तिथे प्रवेश नसतो. लोकांना पाय टेकता येतील अशी गच्चीबाग पाहायची तर जपानमधल्या फुकुओकाची ‘ऍक्रॉस’ ही १९९५ ची इमारत पाहावी. तिची एक बाजू शेजारच्या उद्यानातून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते. तसे करायचे तर पहिल्या रेघेपासून तसेच बांधावे लागते, मागाहून चिकटवता येत नाही.

तरीही कुठे स्लॅबवर माती घालायचीच असेल तर क्रम चुकवू नये. आधी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, शंभरास एक उताराने, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात गोलाई (गवंडी तिला वाटा म्हणतात), मग जलरोधक थर आणि ७२ तास पाणी साठवून तपासणी. मातीखाली गळती शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे, म्हणून हे तीन दिवस कोणाच्याही तारखेसाठी कमी करू नयेत. त्यावर मुळे अडवणारी चादर, पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या, गाळणीचे कापड आणि शेवटी माती. पाणी बाहेर पडण्याच्या प्रत्येक तोंडावर वरून उघडता येईल असा चौकोनी चेंबर हवा. तो मातीखाली गाडला की पहिल्या दोन पावसाळ्यांत पाला अडकतो आणि खालच्या सभागृहात बादल्या लागतात.

भिंतींवरच्या उभ्या बागांचे तर नावच काढू नये. छोट्या कुंड्यांत ओंजळभर माती असते. मेमध्ये पंप दोन दिवस बंद राहिला की भिंत करपते. बोअरच्या जड पाण्याने ठिबकची तोंडे चुन्याने बुजतात. सोलच्या सिटी हॉलमध्ये १,५१६ चौरस मीटरची उभी बाग आहे, पण ती आत, छपराखाली, सांभाळलेल्या हवेत. आपल्याला हिरवी भिंत हवी असेल तर जमिनीत लावलेली मधुमालती भिंतीपासून फूटभर सोडलेल्या तारांवर चढवावी. तीन वर्षांत तीन मजले चढते आणि पंप मागत नाही.

पाण्याचा हिशेब बहुतेक आराखड्यांत ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ या तीन शब्दांत संपतो. तो आकड्यांत असा आहे. दोन हजार चौरस मीटरची गच्ची, सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि १५ टक्के घट काढली तर वर्षाला १२ लाख लिटरच्या आसपास पाणी मिळते. आता तेवढीच, दोन हजार चौरस मीटरची हिरवळ लावली तर मेमध्ये ती चौरस मीटरला रोज पाच लिटर पिते. रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. ऑक्टोबर ते मे सरासरी चार लिटर धरले तरी १९ लाख लिटर होतात. गच्चीने मिळवले त्याहून हिरवळीने जास्त प्याले. शिवाय ते बारा लाख लिटर चार महिन्यांत येतात, साठवायचे तर वीस बाय वीस बाय तीन मीटरचा हौद बांधा. याउलट साठ झाडांना पहिली तीन वर्षे ठिबकने रोज चाळीस लिटर दिले तरी २,४०० लिटरच लागतात. हिरवळ तीनशे-चारशे चौरस मीटर, मुलांना लोळायला पुरेल एवढीच ठेवावी आणि बाकी जमीन झाडांच्या पाल्याने झाकावी.

हे पाणी गंगापूर धरणातून शुद्ध होऊन आलेले असायचे कारण नाही. कार्यालयात दरडोई ४५ लिटर पाणी धरतात, त्यातले २० फ्लशला आणि २५ बाकीच्या वापराला. हजार कर्मचाऱ्यांच्या हात-तोंड धुण्याचे साधारण २० हजार लिटर पाणी कामाच्या दिवशी गटारात जाते. बेसिनची वाहिनी संडासाच्या वाहिनीपासून पहिल्यापासून वेगळी टाकली तर गाळ बसण्याची टाकी, वाळूची गाळणी आणि कर्दळ-वाळ्याचा वाफा एवढ्यावर ते बागेला चालते. मात्र वाहिनी वेगळी टाकायची आहे हे नळकाम सुरू होण्याआधी ठरावे लागते. बांधकाम झाल्यावर भिंती फोडून ती कोणी वेगळी करत नाही.

पावसाचे पाणी जिरवण्याच्या खड्ड्याचाही भ्रम आहे. दोन बाय दोन बाय दोन मीटरचा, खडी-वाळूने भरलेला खड्डा ‘केला’ म्हणून दाखला मिळतो. खडीतल्या पोकळीत सव्वातीन घनमीटर पाणी मावते. तासाला ५० मिलिमीटर अशी सर आली तर दोन हजार चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला शंभर घनमीटर पाणी पडते, म्हणजे खड्डा दोन-अडीच मिनिटांत भरतो आणि उरलेले रस्त्यावर. त्यापेक्षा चारशे चौरस मीटरचा बागेचा भाग भोवतालच्यापेक्षा २० सेंटिमीटर खाली ठेवावा. त्यात एका सरीचे ८० घनमीटर पाणी थांबते. तळाशी काळी माती राहता कामा नये, मुरूम लागेपर्यंत खोदून भरड वाळू-मातीने भरावे. आधी एक मीटरचा खड्डा खणून त्यात दोनदा पाणी भरावे आणि दुसऱ्यांदा तासाला किती उतरते ते मोजावे. बोटभरही उतरले नाही तर खाली सलग पाषाण आहे, जागा बदलावी. पाणी ४८ तासांत गेलेच पाहिजे, नाहीतर डासांची पैदास महापालिकेच्याच दारात व्हायची.

कारंजे नको. चालू असते तेव्हा पाणी उडवते आणि बंद पडले की डास आणि वेफर्सची पाकिटे सांभाळते.

फरसबंदी काळ्या दगडाची असावी, पण टाकीची, म्हणजे छिन्नीने खरखरीत ठेवलेली. घोटीव काळा दगड उन्हात चटके देतो आणि पावसात माणसे पाडतो. गोदाघाटाच्या जुन्या पायऱ्यांवर अनवाणी चालणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. पाणी झिरपणारे पेव्हर लावायचे तर सांधे आठ-दहा मिलिमीटरचे ठेवून त्यांत सहा मिलिमीटरची धुतलेली खडी भरावी. ठेकेदार सवयीने क्रशरची डस्ट झाडून भरतो, ती पहिल्या पावसात सिमेंटसारखी बसते आणि झिरपणे संपते. खाली काळी माती ३०-४५ सेंटिमीटर काढून मुरूम थराथराने दाबलेला हवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी फरशी उंटाच्या पाठीसारखी होते.

बोस्टनच्या सिटी हॉलपुढे १९६० च्या दशकात विटांचा अवाढव्य चौक केला. सावली नाही, बसायला नाही, पायऱ्याच पायऱ्या. पन्नास वर्षे लोक त्याला नावे ठेवत राहिले आणि २०२२ मध्ये तो झाडे, उतार आणि बैठका घालून पुन्हा उघडला. आपल्याकडे त्या चुकीचे नाव ‘भव्य पायऱ्या’. जोते ७५ सेंटिमीटर उंच केले तर एकास बारा उताराला नऊ मीटर लागतात आणि तो चढ चाकाच्या खुर्चीला दमवतो. जोते ४५ सेंटिमीटर ठेवले तर एकास वीस हा सौम्य उतार त्याच नऊ मीटरांत बसतो. मग सगळे त्याच वाटेने येतात, अपंगांसाठी वेगळी मागची वाट लागत नाही.

बसायची जागा मोजून द्यावी. न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नियमच केला होता की चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट बैठक हवी. आपण त्याच्या निम्मे केले तरी पुरे, पण सावलीत आणि काहींना पाठ व हात असलेले. गुडघे धरून उठणाऱ्या माणसाला हाताचा आधार लागतो.

आणि मग फाटक. सोलच्या सिटी हॉलसमोर २००४ पर्यंत वाहनांचा चौक होता, तो हटवून तिथे हिरवळीचे मैदान केले आणि ते रस्त्याला उघडे ठेवले. आपल्याकडे मोर्चा आला की फाटक बंद, मग मोर्चा रस्त्यावर, रस्ता बंद. मोर्चा येणारच आहे, लोकशाहीत तो आलाच पाहिजे. पाचशे माणसांना दीड चौरस मीटरप्रमाणे ७५० चौरस मीटर सावलीतली टणक जमीन, पुढे ४५ सेंटिमीटर उंचीचा ओटा, ध्वनिवर्धकाला वीज आणि पिण्याच्या पाण्याचे नळ एवढी सोय आराखड्यातच करावी. निवेदन घ्यायला आयुक्तांनी त्या ओट्यापर्यंत खाली यावे. सुरक्षेची रेषा कुंपणाला नको, इमारतीच्या दाराला असावी. कुंपणाच्या जागी बसता येईल असा कट्टा करावा. रात्री दारे बंद होतील, आवार उघडे राहील.

त्यासाठी तळमजल्यावर साहेबांची दालने नकोत. जन्म-मृत्यू दाखले, घरपट्टी, पाणीपट्टी, नागरी सुविधा केंद्र हे सगळे मैदानाकडे तोंड करून, तीन मीटर रुंद व्हरांड्यावर उघडणारे असावे: १.२ मीटर रांगेला, १.८ मीटर चालायला, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर निघून जातात. महासभेच्या सभागृहाला वेगळा जिना दिला तर रविवारी तिथे व्याख्यान होऊ शकते. स्वच्छतागृहांची दारे बाहेरच्या बाजूला, स्त्रियांसाठी शौचाची भांडी पुरुषांच्या दुप्पट, हिरकणी कक्ष त्यालाच लागून. सफाईचा ठेका संध्याकाळी सहापर्यंतचा केला तर सहा वाजता कुलूप लागते, म्हणून तो रात्री दहापर्यंतचा असावा. चहा-मिसळीच्या पाच-सहा गाड्यांना पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा नगर पथविक्रेता समितीमार्फत आधीच आखून द्यावी. नाहीतर त्या फुटपाथवर येतीलच आणि मग अतिक्रमण म्हणून उचलल्या जातील.

निविदेत बाग सर्वांत शेवटी येते, म्हणून पैसे संपतात तेव्हा तीच कापली जाते. बागेची स्वतंत्र निविदा बांधकामाबरोबरच काढावी आणि रोपे दोन वर्षे आधी महापालिकेच्या रोपवाटिकेत वाढायला घ्यावीत, म्हणजे लावताना ती सात-आठ फुटांची असतील. लावणी जूनअखेर ते जुलैमध्येच. उद्घाटनाची तारीख जानेवारीची ठरली म्हणून डिसेंबरात लावलेली झाडे मे पाहत नाहीत, आणि सिंहस्थाच्या घाईत ही चूक आणखी सोपी आहे. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत, झाडांसाठी तीन वर्षांचा ठेवून दहा टक्के रक्कम अडकवावी. तीन पावसाळ्यांनंतर शंभरातली नव्वद जगलेली असतील तर ती सोडावी, मेलेली झाडे ठेकेदाराने त्याच उंचीची लावून द्यावीत. एकरभर बागेला किमान दोन माळी कायम हवेत. पंपाचे वीजबिल बांधकाम विभागाचे, विद्युत विभागाचे की उद्यान विभागाचे, हे कार्यादेशातच लिहावे. पाच हजारांचे बिल कोणी भरायचे यावरून तीन टेबलांवर फाइल फिरते तेवढ्यात मे संपतो.

आपले,
नाशिकमधील काही वास्तुरचनाकार, उद्यानरचनाकार व निवृत्त स्थापत्य अभियंते